कॅनडाचा ‘सर्ब’ भत्ता : कोणाला मिळाला, कोणाला नाही, आणि माझं मत

सरकारी योजनेचा कोणी रिव्ह्यू लिहितं का असं काहींना वाटेल, पण मी ही सेवा वापरलीय, त्या पैशावर आमचं घर चाललंय, आणि आजही टॅक्सचे दिवस आले की आपल्या मराठी ग्रुपवर कोणीतरी विचारतंच की तो कोविडचा भत्ता घेतला होता तो मला बसत होता ना. म्हणून एकदा नीट लिहून टाकते. मी ऑन्टारिओ प्रांतातल्या मिसिसागात राहते, मार्च २०२० पर्यंत एका बँक्वेट हॉलमध्ये बुकिंग बघायचे. लग्नं, साखरपुडे, पन्नासाव्या वाढदिवसाच्या पार्ट्या, सगळं बघता बघता रद्द झालं आणि हॉलला कुलूप लागलं. नवऱ्याची वेअरहाऊसची नोकरी चालू राहिली पण तास कमी झाले, घरभाडं मात्र तेवढंच.

सर्ब म्हणजे कॅनडा इमर्जन्सी रिस्पॉन्स बेनिफिट. २५ मार्च २०२० ला जाहीर झालं आणि ६ एप्रिलला अर्ज सुरू, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत मध्ये. चार आठवड्यांचे २००० डॉलर. आधी १६ आठवडे म्हणाले, मग २४ केले, शेवटी २८, म्हणजे पूर्ण काळ घेतलं तर एकूण १४,००० डॉलर. इथला नेहमीचा बेरोजगारी विमा म्हणजे ईआय, त्याला विम्यात मोजले जाणारे कामाचे ठराविक तास भरलेले लागतात, ४२० ते ७०० पर्यंत, तुम्ही कुठल्या भागात राहता त्यावर, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला तो नोकरी गेल्याचा ईआय मिळतच नाही. मार्च २०२० च्या एका आठवड्यात ईआयला ९ लाखांवर अर्ज गेले होते, ती यंत्रणा तेवढ्यासाठी बनलेलीच नव्हती. त्यामुळे आधी पैसे द्या, तपासणी नंतर करू असं सरकारने ठरवलं, आणि मी आजही म्हणते की ते बरोबर केलं.

अर्जाचा अनुभव सांगते. सीआरए म्हणजे इथला टॅक्स विभाग, त्यांच्या वेबसाइटवर बँकेच्या लॉगिननेच आत जायचं, कुठल्या चार आठवड्यांसाठी हवंय ते निवडायचं, मी अटींत बसते अशी खूण करायची, बँक खातं बरोबर आहे ना ते बघायचं, झालं. ज्यांना इंटरनेट जमत नाही त्यांना फोनवर, सिन नंबर (इथला सामाजिक विमा क्रमांक) आणि पोस्टल कोड टाकून. गर्दी होऊ नये म्हणून जन्ममहिन्याप्रमाणे वार दिलेले, जानेवारी ते मार्च सोमवार, एप्रिल ते जून मंगळवार असं करत गुरुवारपर्यंत, आणि शुक्रवार ते रविवार कोणीही. एक कागद अपलोड करायला लागला नाही, मालकाची सही नाही, ऑफिसात फेरी नाही. डायरेक्ट डिपॉझिट असेल तर तीन ते पाच कामाच्या दिवसांत पैसे, चेक असेल तर दहाएक दिवस. ज्यांनी आपल्याकडे साध्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात दिवस घालवलेत त्यांना कळेल की मला किती हायसं वाटलं असेल. एक लक्षात ठेवायचं होतं, दर चार आठवड्यांनी नव्याने अर्ज करायचा, आपोआप पुढचे येत नव्हते.

आता पात्रता, खरा गोंधळ सगळा इथेच आहे.

वय किमान १५, कॅनडात राहणारे, कोविडमुळे काम बंद किंवा कमी झालेलं, आणि २०१९ मध्ये किंवा अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत कमीत कमी ५००० डॉलरची कमाई. नागरिकत्व लागत नव्हतं, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवानाही लागत नव्हता, वर्क परमिटवाले आणि बाहेरून आलेले विद्यार्थीसुद्धा अटी भरत असतील तर पात्र होते. हे खूप जणांना माहीतच नव्हतं, आपली कितीतरी मुलं तेव्हा कॉलेज करून आठवड्याला वीस तास कॉफीशॉपमध्ये नाहीतर दुकानात काम करत होती, त्यांची वर्षाची कमाई ५००० च्या वर सहज जात होती, आणि तरी ती मुलं आपण बाहेरचे, आपल्याला काय मिळणार असं धरून बसली. ज्यांची कमाई ५००० नव्हती त्यांचे मात्र खरंच हाल झाले, कारण विद्यार्थ्यांसाठी मग जो वेगळा भत्ता काढला, चार आठवड्यांचे १२५० डॉलर, तो फक्त कॅनडाच्या नागरिकांना, पीआर असलेल्यांना आणि निर्वासितांना होता. कितीतरी पट जास्त फी भरणाऱ्या मुलाला त्यात जागा नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही.

अजून एक गोष्ट आपल्या लोकांना कामाची. ते ५००० कॅनडातच कमावलेले हवेत अशी अट नव्हती. पुण्यातला पगारही मोजायला चालत होता, तुम्ही आता कॅनडात राहत असाल तर. पण हे वाचून जे नवे आलेले लोक खूश झाले त्यांना पुढची अट आडवी आली. काम कोविडमुळे थांबलेलं हवं. पुण्याची नोकरी स्वतःहून सोडून फेब्रुवारी २०२० ला टोरॉंटोत उतरलात आणि नोकरी शोधताय तेवढ्यात सगळं बंद झालं, तर तुम्ही काम गमावलेलं नाही, तुम्हाला काम मिळालंच नाही, म्हणजे अपात्र. दोन बॅगा, तीन-चार महिन्यांचे पैसे, हातात पोर, अशी कुटुंबं त्या वर्षी बेसमेंटमध्ये बसून होती आणि त्यांच्यासाठी या योजनेत काहीच नव्हतं. नियम म्हणून समजतं मला, पण माणूस म्हणून अजून टोचतं.

स्वतःहून नोकरी सोडली तरी अपात्र. नुसती भीती वाटते म्हणून कामावर जात नाही, हे कारण चालत नव्हतं. पण शाळा-डेकेअर बंद म्हणून मुलांजवळ घरी थांबायला लागलं तर चालत होतं, आणि ही सोय फार चांगली होती, कारण त्या काळात घरी थांबलेल्या बहुतेक बायकाच होत्या आणि त्यांचं काम ‘गेलं’ असं कागदावर कुठे दिसलं नसतं.

मग ती १००० डॉलरची रेघ. सुरुवातीला कमाई शून्यच हवी असं वाटत होतं, मग १५ एप्रिलला सांगितलं की महिन्याला १००० पर्यंत कमावलं तरी चालेल. ऐकायला छान. पण १००० म्हणजे टॅक्स कापायच्या आधीचे, आणि रेघ ओलांडली की सगळे २००० गेले, थोडे थोडे कमी होत नाहीत. ऑन्टारिओत तेव्हा किमान पगार तासाला १४ डॉलर, म्हणजे आठवड्याला १७ तास केले तर चार आठवड्यांचे ९५२, आत बसलात, आणि १८ तास केले तर १००८, बाहेर! एका तासासाठी २००० जाणार असतील तर कोण घेईल ती शिफ्ट. लोक आळशी झाले, काम करायला तयार नाहीत असं तेव्हा फार बोललं जायचं आणि मला त्याचा राग यायचा, कारण ज्यांना अर्धवट काम परत मिळत होतं त्यांना नियमानेच कोपऱ्यात ढकललं होतं. पुढे २७ सप्टेंबर २०२० पासून सर्बनंतरचा जो भत्ता, सीआरबी (कॅनडा रिकव्हरी बेनिफिट), आला त्यात हे सुधारलं, वर्षाची कमाई ३८,००० च्या वर गेली तर वरच्या प्रत्येक डॉलरमागे ५० सेंट परत, आणि १० टक्के टॅक्स आधीच कापून हातात दोन आठवड्यांचे ९०० यायचे. हेच आधी करता आलं असतं तर.

टॅक्सबद्दल आलोच आहे तर, सर्बमधून एक सेंटही कापला जात नव्हता पण रक्कम उत्पन्नात धरली जात होती. पूर्ण १४,००० घेतले आणि वर्षभरात पगारही बऱ्यापैकी झाला असेल तर ऑन्टारिओत खालच्या टप्प्यालाच केंद्र-प्रांत मिळून साधारण २० टक्के, म्हणजे जवळजवळ २८०० डॉलर २०२१ च्या वसंतात भरायचे. आम्ही दर वेळी थोडे बाजूला काढून ठेवत होतो म्हणून निभावलं. पण अर्जाच्या त्या स्क्रीनवरच ‘माझा टॅक्स आत्ताच कापा’ असं एक बटण ठेवायला काय जात होतं? थोडी सूट दिली सरकारने, ७५,००० च्या खाली करपात्र उत्पन्न आणि भत्ता घेतलेला असेल तर २०२० च्या टॅक्सवर एप्रिल २०२२ पर्यंत व्याज नाही, ती मदत झाली बऱ्याच जणांना.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार त्या ५००० बद्दलच आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी ५००० म्हणजे गल्ला की खर्च वजा जाता उरलेले? समजा एखादी बाई घरून पोळीभाजीचे डबे देते, वर्षभरात ९००० ची विक्री, त्यातून किराणा, गॅस, डबे, गाडीचं पेट्रोल असे ५००० वजा केले की राहिले ४०००. ती पात्र की अपात्र? सुरुवातीला वेबसाइटवर हे धड लिहिलेलंच नव्हतं. आणि मग डिसेंबर २०२० मध्ये, नाताळच्या तोंडावर, ४ लाख ४० हजारांवर लोकांना पत्रं गेली की तुमची पात्रता आम्हाला दिसत नाही, कदाचित पैसे परत करावे लागतील. डबेवाल्या, मेंदीवाल्या, घरी गाण्याचे क्लास घेणारे, टॅक्सी चालवणारे, अशा लोकांना ८-१० हजार डॉलर परत मागण्याची भाषा. सुरुवातीची माहिती पुरेशी स्पष्ट नव्हती हे सीआरएलाही मान्य करावं लागलं, आणि ९ फेब्रुवारी २०२१ ला सरकारने सांगितलं की गल्ला ५००० च्या वर असेल आणि बाकी अटी पूर्ण असतील तर निव्वळ कमाई कमी असली तरी परत करायची गरज नाही, ज्यांनी केले त्यांना ते परत मागता येतील. शेवट बरा झाला पण मधले दोन महिने त्या लोकांनी कसे काढले असतील. फॉर्ममध्ये एक ओळ स्पष्ट लिहिली असती तर हे काहीच झालं नसतं.

दुसरा घोळ दोन खिडक्यांचा. अर्ज सीआरएकडेही करता येत होता आणि ईआय बघणाऱ्या सर्व्हिस कॅनडाकडेही. घाबरून दोन्हीकडे केलेल्यांना दोनदा पैसे आले, एकदाचे परत करायला लागले. शिवाय सर्व्हिस कॅनडाकडून अर्ज केलेल्या लोकांना सुरुवातीला २००० आगाऊ दिले, ते पुढच्या हप्त्यांतून वळते करायचे होते, पण जे लवकर कामावर परतले त्यांचे वळते झालेच नाहीत आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यांना वसुलीची पत्रं यायला लागली. म्हणजे जो प्रामाणिकपणे पहिल्या संधीला कामावर गेला त्याच्याच दारात वसुली.

६५ च्या वरचे जे कामही करत होते त्यांचं वेगळंच झालं. भत्ता उत्पन्नात धरला गेल्याने जुलै २०२१ पासून त्यांची गरीब ज्येष्ठांची पूरक पेन्शन, जीआयएस, कमी झाली नाहीतर बंदच झाली, आणि भरपाई आली एप्रिल २०२२ मध्ये.

लोक म्हणतात फसवणूक फार झाली. सरकारी खर्च तपासणाऱ्या ऑडिटर जनरलच्या डिसेंबर २०२२ च्या अहवालात कोविडच्या सगळ्या योजना मिळून ४६० कोटी डॉलर अपात्र लोकांना गेले आणि अजून २७४० कोटींची तपासणी व्हायला हवी असं म्हटलंय, आकडा मोठाच आहे. पण दुसरा आकडाही बघा, देशातलं दारिद्र्याचं प्रमाण २०१९ मध्ये १०.३ टक्के होतं ते २०२० मध्ये, ऐन बंदच्या वर्षात, ६.४ वर आलं. आपल्याकडे महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मध्ये रिक्षावाल्यांना १५०० रुपये जाहीर झाले ते परवानाधारकांना, आणि जो दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवतो त्याच्या नावावर परवानाच नसतो. अटी जितक्या कागदाला चिकटतात तितका खरा गरजू बाहेर राहतो. सर्बने कागद मागितला नाही, विश्वास ठेवला, म्हणून ते पोचलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा कापला तो त्या न लिहिलेल्या ओळीसाठी आणि १००० च्या रेघेसाठी.

ज्यांना अजूनही परतफेडीचं पत्र आलंय त्यांनी घाबरून लगेच पैसे भरू नका आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका. पहिला निर्णय अपात्र असा आला तरी दुसऱ्यांदा तपासणी मागता येते, पत्रावर मुदत असते ती बघा. २०१९ आणि २०२० चे रिटर्न भरलेले हवेत. पे स्टब म्हणजे पगाराच्या पावत्या, मालकाचं पत्र, धंदा असेल तर बिलं आणि बँक स्टेटमेंट, रोखीचे व्यवहार असतील तर ते खात्यात कधी जमा केले ते तारखेसकट दाखवा, नुसतं ‘कॅश होती’ म्हणून भागत नाही. दुसरा निर्णयही विरोधात गेला तर फेडरल कोर्टात दाद मागता येते, आणि खरंच परत करायचे असतील तर फोन करून हप्ते बांधून मागा, देतात.