हंपीला जाताना विजापूरला नुसता हॉल्ट नको, मुक्कामच टाका

पुण्याहून हंपी-बदामीला निघालेली निम्मी जनता भर दुपारी विजापूरला पोचते, गोलघुमटासमोर गाडी लावते, घामाघूम होऊन दोन सेल्फी काढते आणि सुटते पुढे. आम्ही ह्या वेळी रात्रीचा मुक्काम टाकला आणि बेस्ट झालं. सोलापूरपर्यंतचा हायवे माहितीचाच, तिथून पुढे साधारण 100 किमी, मधे भीमा ओलांडली की कर्नाटक लागलं.

घुमट बघायचा तर पहाटे उठून उघडल्या उघडल्या जायचं. नंतर शाळांच्या सहली येतात आणि वरच्या गॅलरीत जी शिट्ट्या-किंचाळ्या सुरू होतात की बास, कारण एक शिट्टी मारली की ती सात-आठदा घुमते. आम्ही गेलो तेव्हा वर चारच माणसं होती. बायको पार समोरच्या बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "चहा कधी पाजताय?" आणि मला ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं, मधे जवळपास 38 मीटरची पोकळी आणि आधाराला एक खांब नाही, 1656 चं बांधकाम राव! फक्त कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना अरुंद आहे, सात मजले चढायचे, पायऱ्याही उंच, त्यामुळे गुडघेवाल्यांनी खालूनच मोहम्मद आदिलशाहची कबर बघून समाधान मानावं.

मलिक-ए-मैदान तोफ चुकवू नका. ती 1549 मधे अहमदनगरला ओतलेली, नंतर परांड्याहून इकडे आणली, म्हणजे तशी आपल्याकडचीच. तोफेचं तोंड म्हणजे सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती, जवळ जाऊन बघा, लांबून कळत नाही. इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशाहचा मकबरा, मला तर घुमटापेक्षा जास्त आवडला, तिथल्या दगडी जाळ्यांत अक्षरं कोरलीयेत, त्यातून उजेड आत येतो. गर्दी तर नाहीच.

आता जेवण. बसस्टँडच्या बाजूला एका साध्या खानावळीत बसलो, बोर्ड कन्नडमधे त्यामुळे नाव विचारू नका. पातळ, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी, तव्यावरून थेट ताटात, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी पण तेल सढळ आणि शेंगदाण्या-तिळाचा कूट दाट, शेंगाचटणी, घट्ट दही, कच्चा कांदा. मालक मराठीत आग्रह करत होते, "अजून एक घ्या की हो". पुण्यात ह्याच ताटाचे "ऑथेंटिक" म्हणून किती लावतात ते सांगत नाही.

लॉजवाल्याने मात्र वैताग दिला. बुकिंग करताना चोवीस तास गरम पाणी म्हणाला, सकाळी विचारलं तर "आठनंतर येईल", आणि आम्हाला तर सहाला निघायचं होतं. एसीचा रिमोट मागितला तर त्याचं डिपॉझिट वेगळं! तेव्हा रूम घेण्याआधी नळ सोडून बघा आणि रिमोट आधी हातात घ्या, मगच पैसे द्या.