जावा की सी शार्प? यादीत इंट ठेवायचा असेल तर

जेनेरिक्स, म्हणजे यादीसारखी एकच रचना हव्या त्या टाइपसाठी वापरायची सोय, प्रोग्रामिंगच्या या दोन्ही भाषांत आहे. जावात ती २००४ साली पाचव्या आवृत्तीत आली, सी शार्पमध्ये पुढच्याच वर्षी. लिहायला जवळपास सारखीच. वेगळेपण कळतं ते त्यांत इंट (पूर्णांक), डबल (दशांश) असे साधे टाइप घालायला गेलं की. जावात लिस्ट<इंट> चालतच नाही, लिस्ट<इंटिजर> लिहावं लागतं. कंपाइल झाल्यावर टी (जेनेरिक्समध्ये टाइपच्या जागी लिहायचं अक्षर) पुसला जाऊन तिथे ऑब्जेक्ट उरतो, आणि इंट काही ऑब्जेक्ट नव्हे. म्हणून प्रत्येक आकडा गुपचूप डबीत भरला जातो. सी शार्प इंटसाठी वेगळा कोड तयार करते आणि आकडे यादीत थेट मांडते.

वेगाचं आणि मेमरीचं बरंच बोललं जातं. माझ्या कामात त्यानं फारसं अडलं नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

जामसंड्याच्या एका आंबा पॅकिंग शेडसाठी मी जावात हिशेब लिहिला होता. बागायतदारागणिक चलनावरच्या पेट्या एका मॅपमध्ये (नावाला आकडा जोडणारी यादी), उतरवून मोजलेल्या दुसऱ्यात; दोन्हींतून गेटने काढलेले आकडे == ने ताडून बघायचे, जुळले नाहीत तर ओळ लाल. मार्चभर सुरळीत चाललं. चाळीस, साठ, नव्वद पेट्या यायच्या. एप्रिलच्या मध्यावर माल वाढला आणि मोठ्या बागांच्या ओळी लाल व्हायला लागल्या. चलन १४०, मोजणी १४०, तरी फरक! शेडवाल्या काकांनी दोनदा पेट्या मोजून घेतल्या आणि म्हणाले, "मोजणी बरोबर आसा, तुझ्या प्रोग्रामाक बघ."

उणे १२८ ते १२७ पर्यंतच्या डब्या जावा आधीच करून ठेवते, त्यामुळे तिथवर दोन्हीकडे तीच डबी येते. त्यापुढे सहसा दर वेळी नवी. == डब्या ताडतो, आतले आकडे नाही. तिथे इक्वल्स हवा होता. चूक माझीच, पण ट्रक वाशीला निघायच्या वेळी तिनं घेतलेले दोन तास मला अजून आठवतात. सी शार्पच्या डिक्शनरीत, म्हणजे तिथल्या मॅपमध्ये, व्हॅल्यू इंट ठेवली की हा प्रश्नच उद्भवत नाही, तिथे == आकडेच ताडतो.

जावाची बाजूही खरी आहे. लायब्ररी मुबलक, आणि काही एडिटर आता अशा ओळीवर खूण करून सावध करतात. उलट सी शार्पमध्ये टी वर नुसती बेरीज करायची सोय २०२२ पर्यंत धड नव्हती. आकड्यांच्या टाइपांसाठीचा आयनंबर आल्यावर ती झाली. तुमची टीम जावात मुरलेली असेल तर केवळ एवढ्यासाठी भाषा बदला असं मी म्हणणार नाही. पण काम नवं असेल आणि याद्यांमध्ये पेट्या, डझन, किलो असे आकडेच आकडे असतील, तर मला सी शार्प बरी वाटते.

शेडचा हिशेब आता तिच्यातच आहे. चलन छापण्याचा भाग तेवढा जावात राहिलाय, आणि तिथला एकेक == मी हाताने तपासलाय.