क्रिस्टल रिव्हर: वल्हे उचलून धरण्याचे तीन तास

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टॅम्पाच्या उत्तरेस, गाडीने साधारण दीड तासावर क्रिस्टल रिव्हर हे छोटे गाव आहे. जानेवारीतील एका सकाळी आम्ही पतिपत्नींनी तेथील एका दुकानातून दोघांची कयाक तीन तासांसाठी भाड्याने घेतली, आणि किंग्ज बे नावाच्या उथळ खाडीत मॅनेटी हे संथ, वनस्पती खाणारे जलचर सस्तन प्राणी पाहण्यासाठी निघालो.

मेक्सिकोच्या आखाताचे पाणी गार झाले की मॅनेटी या खाडीत येतात, कारण तिच्या तळाशी असलेल्या झऱ्यांमधून बाराही महिने सुमारे २२ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी वर येत असते. तीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या आसपास भरणाऱ्या या प्राण्याच्या अंगावर चरबीचे जाड अस्तर असेल असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ते नसते, आणि २० अंशांहून गार पाण्यात फार काळ राहावे लागले तर तो आजारी पडून दगावूही शकतो. त्यामुळे रात्री पारा जितका उतरेल, तितकी सकाळी झऱ्यांजवळ गर्दी अधिक. दुकानातील मुलीने फोनवरच हे नीट समजावून सांगितले आणि आमची दुपारची वेळ बदलून सकाळी साडेसातची करून दिली. या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटली.

मात्र एक गोष्ट तिने सांगितली नाही. दुकानाच्या जाहिरातीत थ्री सिस्टर्स या प्रसिद्ध झऱ्यांच्या निळ्याशार पाण्यावर तरंगणारी कयाक दिसते, परंतु १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तेथे कयाकसह कोणतीही होडी नेण्यास मनाई असते. हे आम्हाला पैसे भरून झाल्यावर, धक्क्यावर उभे असताना कळले. नियम योग्यच आहे, कारण त्या अरुंद जागेत थंडीच्या दिवसांत प्राणी अक्षरशः एकमेकांना खेटून झोपलेले असतात; पण उन्हाळ्यातील छायाचित्र दाखवून हिवाळ्यातील गिऱ्हाईक बोलावणे मला पटले नाही. ते झरे पाहायचेच असतील, तर वेगळे तिकीट काढून काठावरील लाकडी पायवाटेवरून पाहता येतात, आणि वरून दिसणारे दृश्य कयाकमधल्यापेक्षा अधिक स्वच्छ असते.

खाडीत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटे पाण्यावरच्या धुक्याखेरीज काहीही दिसले नाही. मग डावीकडे कोणीतरी जोराने नाक शिंकरल्यासारखा आवाज झाला, आणि शेवाळाने माखलेली करडी पाठ क्षणभर वर येऊन पुन्हा बुडाली. मॅनेटी विश्रांती घेत असताना दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येतो, हे एकदा ध्यानात आले की डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी. आम्ही वल्हे मांडीवर आडवे घेऊन थांबलो. काही वेळाने एक मादी पिल्लासह आमच्या होडीखालून इतकी सावकाश गेली, की तिच्या पाठीवरील पांढरे समांतर व्रण मोजता आले. ते मोटारबोटींच्या पंख्यांचे होते. संशोधक अशाच व्रणांवरून एकेक मॅनेटी ओळखतात, ही माहिती ऐकायला रंजक वाटते, पण ते व्रण प्रत्यक्ष पाहिल्यावर तितकी वाटत नाही. तिची शेपटी सुपासारखी गोल होती. आपल्याकडे कच्छच्या आणि मन्नारच्या आखातात आढळणाऱ्या डुगाँगची, म्हणजे मॅनेटीच्या नात्यातल्या समुद्रगायीची, शेपटी मात्र डॉल्फिनसारखी दुभंगलेली असते.

पाठलाग करणे, प्राण्याला घेरणे, माय-लेकरांच्या मधे होडी घालणे आणि दोर व तरंगत्या खुणांनी आखलेल्या राखीव भागात शिरणे, या सर्वांस बंदी आहे. हे नियम दुकानदाराने तोंडी सांगितले, नकाशावरही खुणा करून दिल्या. तरीही नऊनंतर पोहणाऱ्यांना घेऊन येणाऱ्या मोठ्या बोटी जमू लागल्या, तेव्हा एकाच झोपलेल्या मॅनेटीभोवती दहा-बारा माणसे तरंगताना पाहून आम्ही तेथून दूर झालो.

कयाक उघड्या बैठकीची, रुंद आणि स्थिर होती. लाइफ जॅकेट स्वच्छ होते, परंतु वल्ह्यावरील पाणी सतत मांडीवर ठिबकते आणि त्या थंडीत ते बोचते, म्हणून जलरोधक विजार अवश्य न्यावी. पाण्यावरील चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल त्याहून आवश्यक. माझ्याकडे नव्हता, आणि पत्नीला दिसलेल्यांपैकी निम्मे मॅनेटी मला केवळ तिच्या बोटाच्या दिशेवरून मानावे लागले. परतताना वारा समोरून होता, तेव्हा शेवटचा अर्धा तास वल्हवण्यासाठी राखून ठेवावा.