चाचपून ओळखायचा लाकडी संच: पिशवी ठेवा, चित्रकार्डं बाजूला टाका

नाशिकच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत मिळणारा हा मॉन्टेसरी धर्तीचा संच. नाडीची सुती पिशवी, लाकडी आकारांच्या आठ जोड्या आणि तेवढीच चित्रकार्डं. न बघता हात घालायचा आणि आकार ओळखायचा. चार वर्षांच्या मुलापासून पुढे चालतो. त्याहून लहान मुलाच्या हाती देऊ नका, बारके तुकडे थेट तोंडात जातात.

पिशवीला नाव ठेवायला जागा नाही. कापड जाड आहे, उजेडात धरलं तरी आतलं दिसत नाही, आणि मोठ्या माणसाचाही हात मनगटापर्यंत सहज जातो. घोळ आहे तो खेळाच्या नियमांत.

माहितीपत्रकातला खेळ असा: पिशवीत एका हाताने एक आकार धरा, दुसऱ्याने त्याचा जोडीदार शोधा. हे स्पर्शाला स्पर्श जुळवणं झालं, आणि ते फार सोपं असतं. मेंदूविज्ञानाचे अभ्यासक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या भारतातल्या अंध मुलांवर उपचार करणाऱ्या उपक्रमात, जन्मापासून धड दिसत नसलेल्या पाच मुलांची (वयं 8 ते 17) डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर 48 तासांच्या आत चाचणी घेतली होती. निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले. चाचपलेली वस्तू हातानेच ओळखायची, तर 98 टक्के बरोबर. तीच डोळ्यांनी ओळखायची, तर 58 टक्के, आणि दोनातून एक निवडताना डोळे झाकून बोट ठेवलं तरी 50 टक्के मिळतातच! पुढे काही दिवसांतच ही मुलं सुधारली. म्हणजे खरं काम हातातलं डोळ्यांशी जुळवण्याचं आहे, आणि संच नेमका तिथेच कमी पडतो.

त्यासाठी कार्डं आहेत, पण ती समोरून काढलेली सपाट चित्रं. वस्तू धरताना अंगठा पुढे आणि चार बोटं मागे असतात, त्यामुळे हाताला मागची बाजू जास्त चांगली कळते. कार्डांऐवजी ताटात चार खऱ्या वस्तू ठेवून वर फडकं टाका. मुलाने पिशवीतली वस्तू एका हाताने दहा सेकंद चाचपली की हात बाहेर काढायला सांगा, मग फडकं उचला. ताटातली वस्तू दर वेळी वेगळ्या बाजूने फिरवून ठेवा. जमलं की उलट करा: आधी दाखवा, मग पिशवीत शोधायला लावा.

दुसरी उणीव लाकडाची. खडबडीतपणासाठी बोट घासणं, कडकपणासाठी दाबणं, गार-गरम कळायला नुसतं टेकवणं, वजनासाठी तोलणं, ढोबळ आकारासाठी मुठीत घेणं, बारकाव्यासाठी कडेकडेने बोट फिरवणं: लेडरमन आणि क्लॅट्झ्की या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हाताच्या या हालचाली वेगळ्या मांडल्या. इथे सगळे तुकडे एकाच लाकडाचे, एकाच पॉलिशचे. पहिल्या चार हालचालींना कामच उरत नाही. भांडी बाजारातून एक छोटी पितळी वाटी आणि तांब्याची पळी आणा, सोबत घरातला स्पंजचा तुकडा आणि काथ्याची गुंडाळी टाका. सुपारी आणि जायफळ ही जोडी तर फारच छान: सुपारीची एक बाजू चपटी, जायफळ लांबट. फक्त जायफळ फोडलेलं नको, नाहीतर नाकच उत्तर देऊन टाकतं. घुंगराचंही तेच, हलवलं की कान सांगतो.

आणखी एक पळवाट मुलं हमखास काढतात. हाताला गोल लागलं की मनात 'चेंडू' म्हणायचं आणि ताटात चेंडू शोधायचा. मग जुळवणी नावाची होते, आकाराची नाही. म्हणून निम्म्या वस्तू बिननावाच्या हव्यात. शाडूचे सुपारीहून मोठे, साधारण पाच सेंटिमीटरचे वेडेवाकडे गोळे करा. दोन-दोन अगदी सारखे, तिसऱ्यात एकच खाच जास्त. सावलीत वाळवा, उन्हात तडकतात. भुकटी हाताला लागते, त्यामुळे वरून फेव्हिकॉलचा पातळ हात फिरवा.

बालवाडीसाठी संच घ्यायला हरकत नाही. घरी एकच मूल असेल, तर उशीचा जुना जाड अभ्रा आणि वरच्या वस्तू पुरतात.