जुन्या व्हीटेकला कॅव्हिटी वॅक्स आणि लॅनोलिन: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी २००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक (व्हीटेक म्हणजे इंजिन जोरात फिरायला लागलं की व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची रचना). १०६ अश्वशक्ती, वजन आजच्या गाड्यांच्या मानानं कमी. काटा वर चढून व्हीटेक उघडलं की मागच्या सीटवर बडबड करणारा पाव्हणा अजूनही गप्प होतो. इंजिनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्याला गंजाची भीती नाही. ऑइल वेळेवर बदलत राहिलं तर ते माझ्याआधी थकेल असं वाटत नाही. काळजी आहे ती पत्र्याची. माझ्या बघण्यातल्या या वयाच्या बहुतेक गाड्या इंजिन चालू असतानाच भंगारात गेल्या. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. वीस-बावीस पावसाळे खाल्लेला पत्रा आहे तो.

आणि पावसाळे आपल्याकडचे. शहरातला पाऊस एक वेळ परवडला. आमची गाडी मात्र गगनबावड्यावरून तळकोकणात उतरते, मालवण-देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात मुक्काम करते आणि परत येताना उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर सांडलेला चिखल मडगार्डच्या आत भरून आणते. तो चिखल मडगार्डच्या दुमडलेल्या कडेत बसला की वरून वाळलेला दिसतो, पण आत ओल धरून असतो. मीठ त्याहून वाईट. गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसतानाही काम चालूच.

गेल्या उन्हाळ्यात गंज रोखायला गाडीला दोन गोष्टी मारून घेतल्या. दारं, साइड सिल (दारांखालची लांब पोकळ पट्टी) आणि डिकीच्या पोकळ भागांत पातळ कॅव्हिटी वॅक्स, आणि खालून लॅनोलिनचा जाड थर. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट अंश. धनगराचं घोंगडं पावसात लवकर भिजत नाही, त्यात याचाही हात असतो. तेव्हा आपल्या भागाला ही गोष्ट परकी नाही, फक्त स्प्रेच्या डब्यात भरून महाग झाली आहे.

काम केलं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या डेंटरनं. मी कोटिंगबद्दल विचारत होतो, त्यांनी डब्यांकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मालक, आधी पाणी कुठं मुरतंय ते बघू. औषध मागनं." मग सायकलची तार घेऊन त्यांनी दारांच्या आणि सिलच्या तळाची भोकं मोकळी केली. ही भोकं पाणी निथळायला कंपनीतूनच दिलेली असतात आणि जुन्या गाडीत हमखास चिखलानं बुजलेली सापडतात. एका दारातून कपभर पाणी आलं, तेही भर मे महिन्यात. काचेच्या रबरातून आत उतरलेलं पाणी खाली साठायचं आणि दार आतून कुजत होतं, बाहेर रंगावर नुसते दोन बारीक फुगे. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो. फुगा दिसला म्हणजे आत बरंच काम होऊन गेलेलं असतं.

पुढच्या सीटखालचं कार्पेटही उचललं. खालचा फोम ओला. एसीच्या पाण्याची नळी तुंबली होती, ते पाणी बाहेर पडण्याऐवजी आत येत होतं. खालून कितीही कोटिंग मारा, फरशी वरून गंजत असेल तर काय उपयोग?

आता गाडीखाली मारतात त्या काळ्या रबरी कोटिंगबद्दल. आधीच्या मालकानं ते कधीतरी मारून घेतलेलं होतं. नव्या, स्वच्छ पत्र्यावर ते ठीक आहे, दगडांचा मार झेलतं. पण जुन्या पत्र्यावर, गंज नीट न घासता मारलं तर ते कडक होऊन सुटतं आणि त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये पाणी अडकतं. आमच्याकडं पेचकस घातल्यावर त्याचे पोपडेच्या पोपडे निघाले आणि खाली तपकिरी भुकटी. ते सगळं खरवडणं हेच सगळ्यात मोठं काम झालं. मग वायर ब्रश, मग टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर (गंज काळा पडला की समजायचं लागू झालं), त्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीम सीलर. एका सिलला मागच्या टोकाला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागला. तिथं पुट्टी भरून चालत नाही. या गाड्यांना वेगळी चासी नसते, सगळा भार बॉडीच उचलते, आणि सिल त्यातला महत्त्वाचा भाग.

वॅक्स मारताना ब्रेकच्या डिस्क, सायलेन्सर आणि सस्पेन्शनचे रबरी बुश झाकून घेतले. तेलकट पदार्थानं साधं रबर फुगू शकतं, हे मारणाऱ्याला आपण सांगावं लागतं.

पहिले काही आठवडे त्रास झाला. उन्हात दारांच्या भोकांतून मधासारखे थेंब गळत होते, पार्किंगची फरशी चिकट. गळतंय म्हणजे भोकं मोकळी आहेत म्हणून मी खूश, घरचे नव्हते. वासही येतो. सायलेन्सरच्या आसपास चुकून लागलेलं लॅनोलिन तापलं की ओल्या मेंढरांचा कळप शेजारून गेल्यासारखं वाटतं. पावसाळा लागेपर्यंत वास गेला. धूळ मात्र चिकटतेच, गाडीखाली हात घातला की कोपरापर्यंत काळे.

पावसाळा संपल्यावर मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा सिलच्या भोकातून आत घातला. आतला थर जागच्या जागी, ओलसर चमकणारा, वेल्डच्या सांध्यांतही शिरलेला. नवा तपकिरी डाग नाही. दारांचे तळ कोरडे. पोकळ भागांसाठी कॅव्हिटी वॅक्सला माझ्याकडून पूर्ण गुण.

खालच्या लॅनोलिनचा निकाल मिश्र आहे. मधल्या फरशीवर आणि सबफ्रेमवर (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) ते टिकलं. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) काढायची वेळ आली तेव्हा बोल्ट गॅसनं न तापवता पान्यानं सुटले. जुन्या गाडीवर काम केलेल्यालाच त्यातला आनंद कळेल. चाकांच्या कमानीत मात्र टायरनं उडवलेल्या पाण्यानं आणि खडीनं ते साफ धुऊन नेलं. ऑगस्टमध्येच तिथं रंग उघडा दिसत होता, पुन्हा मारावं लागलं. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा हा दुसरा शत्रू. आता मी खालून साधं पाणी मारा, डिझेल किंवा फोम नको, असं उभं राहून सांगतो.

पुरासमोर यातलं काही चालत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की गाडी उंचावरच्या मित्राच्या दारात. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत नाही. पुराचं पाणी कार्पेटमध्ये, वायरिंगमध्ये शिरलं की वॅक्स काय करणार.

पार्किंगमधलं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं. त्याखाली गाडीला घाम फुटतो. आता हवा खेळणारं कापडी कव्हर आहे, तेही गाडी कोरडी असेल तरच.

पेट्रोलचं एक जाता जाता. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय आणि त्यातलं काही आपल्याच उसाचं, हे खरं. पण इथेनॉल पाणी धरतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे पाइप-रबर त्याचा विचार करून बनवलेले असतीलच असं नाही. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर मी टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. इंधनाचे रबरी पाइप बदलून घेतले. ब्रेक ऑइलही ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदलायचंच, नाहीतर पाइप आणि कॅलिपर आतून गंजतात.

खर्चाचं म्हणाल तर डब्यांचा खर्च किरकोळ, पैसे गेले ते खरवडणं, वेल्डिंग आणि रंगात. गाडी फक्त शहरात फिरत असेल आणि पत्रा सुदृढ असेल तर दरवर्षी भोकं मोकळी करून पोकळ भागांत वॅक्स मारलं तरी पुरे. कोकणात जाणाऱ्यांनी खालचंही करावं, पण दर मे महिन्यात पुन्हा मारायची तयारी ठेवून. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते, तेव्हा आरटीओत गाडी दाखवायच्या आधी खालून एकदा बघून घेतलेलं बरं.

चाकांच्या कमानीसाठी येत्या मेमध्ये वेगळा प्रयोग आहे: आधी दगड झेलणारं कोटिंग, तेही घासून प्रायमर मारलेल्या पत्र्यावर, मग लॅनोलिन, आणि शिरोलीतून मिळाले तर कमानीच्या आत बसणारे प्लॅस्टिकचे लाइनर.