पॉइंटला फक्त ६० रुपये

त्या दिवशी मी घरात असते तर ३०,००० रुपये वाचले असते, असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही. घरात असते तरी मी स्वयंपाकघरात असते, फोनवर असते, नाहीतर सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, डोळ्यांत थेंब घालत असते. गच्चीवर नसतेच.

आमचं घर पुण्यात, सहकारनगरच्या बाजूला, तीन मजली जुन्या इमारतीत सगळ्यात वर. डोक्यावर गच्ची. गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाला हॉलच्या कोपऱ्यात ओल आली. आधी हातभर, मग परातीएवढी, मग सिलिंगचा पापुद्रा सुटून थेट टीव्हीच्या टेबलावर. खाली बादली ठेवली. त्याच आठवड्यात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. थेंब दिवसातून सहा वेळा, दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, त्याचा तक्ता फ्रिजवर. आमच्या चिंगीची (देशी कुत्री, वय दीड वर्ष, स्वभाव जहागीरदाराचा) नसबंदी झालेली आणि गळ्यात तो प्लास्टिकचा कोन, ज्यानं ती येताजाता बादली कलंडवायची. लेकाच्या अकरावीच्या प्रवेशाचा घोळ चालू. नवरा पंधरा दिवस हैदराबादला. हे सगळं रडगाणं म्हणून सांगत नाहीये. तो माणूस दारात आला तेव्हा त्याला हे सगळं एका नजरेत दिसलं असणार, म्हणून सांगतेय. बादली, काळा चष्मा लावलेले म्हातारे, भुंकणारी कुत्री आणि कानाला फोन लावून दार उघडणारी बाई.

"ताई, पलीकडच्या सोसायटीत आपलंच काम चालूए. खालून ओल दिसली म्हणून वर आलो." चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, खिशात टेप. पलीकडच्या सोसायटीतल्या एका काकांचं नावही त्यानं घेतलं. ते नाव त्यांच्या वॉचमनकडून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. काम वगैरे काही चालू नव्हतं.

त्यानं पिशवीतून एक फरशीचा तुकडा काढला, त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. पाण्याचे मोत्यासारखे थेंब झाले आणि घरंगळून गेले. "आपलं केमिकल." मी बघत राहिले. पुढे लेकानं घरातली मेणबत्ती फरशीवर घासून हाच प्रयोग मला करून दाखवला, तेव्हा काय वाटलं ते लिहीत नाही.

मी म्हटलं, पाऊस चालू आहे, गच्ची ओली आहे, आत्ता कसं करणार? तो म्हणाला, "आपलं केमिकल ओल्यावरच धरतं." यात एक बारीक गोम आहे. ओलसर पृष्ठभागावर लावायची सिमेंटची काही लेपनं असतात, हे खरं आहे. अर्धवट ऐकलेलं आपल्यालाही आठवतं आणि मान डोलते. पण रंगासारखा जो लेप गच्चीवर मारतात त्याला कोरडी जागा लागते, म्हणून ती कामं लोक एप्रिल-मेमध्ये करून घेतात. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, कारण फोनवर लेक विचारत होता की पसंतीक्रमात तिसरं कॉलेज कोणतं टाकू.

"खर्च किती?"

"आपलं पॉइंटवर असतं ताई. जिथं जिथं भेग, तिथं भोक पाडून दाबानं केमिकल भरायचं. पॉइंटला फक्त ६०."

असं ग्राउटिंग खरोखर असतं. नोझल बसवून भेगेत माल भरतात. मी गच्ची डोळ्यांसमोर आणली, मनात तीस-चाळीस पॉइंट धरले, फार तर पन्नास. तीन हजारांत ओल जाणार. किती पॉइंट, हे मी विचारलं. तो म्हणाला, "उघडल्याशिवाय काय सांगू? डॉक्टर तरी पोट उघडल्याशिवाय सांगतो का?" मला हसू आलं. मी ३,००० आगाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी पालख्या पुण्यात येणार होत्या. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. "उद्या सकाळीच उरकतो, नंतर रस्ते बंद." माझी नेमकी त्याच दिवशी चिंगीचे टाके काढायची वेळ, दवाखाना नदीपलीकडे. म्हटलं, जाऊन दोन तासांत येते. चौघं जण आले, ड्रिल सुरू झालं, त्या आवाजानं चिंगी सोफ्याखाली शिरली ती कोनासकट अडकली. तिला ओढून काढून रिक्षात घातलं. अण्णांना म्हटलं, "मी आलेच, दार लावून बसा." दवाखान्यातून निघाले तेव्हा फर्ग्युसन रस्ता बंद झालेला, वारकरी, टाळ, छत्र्या, रिक्षावाले कुत्री बघून मान हलवणारे. एरवी मी मनापासून पालखीला हात जोडते. त्या दिवशी जोडले ते घड्याळ बघत. घरी पोचायला साडेचार तास लागले.

हॉलमध्ये चौघंही उभे. अण्णा खुर्चीत. टेबलावर एक वही.

"ताई, काम फत्ते. ४१२ पॉइंट झाले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यानं वही पुढे केली. बॉलपेननं पाच-पाचच्या रेघांचे गठ्ठे, ओळीवर ओळी. खाली हिशेब: ४१२ गुणिले ६०, २४,७२०. केमिकल ३८ लिटर, लिटरला २५०, म्हणजे ९,५००. एकूण ३४,२२०. केमिकलचे पैसे वेगळे, हे आदल्या दिवशी एका शब्दानं बोलणं झालं नव्हतं. आणि त्याखाली, थरथरत्या मोडी वळणाच्या अक्षरात, अण्णांची सही.

"आजोबांनी बघून सही केलीये."

अण्णा काहीच बोलले नाहीत. चार दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेला डोळा, दुसऱ्यात जुना मोतीबिंदू, वर काळा चष्मा. त्यांना म्हणे सांगितलं होतं, 'काम सुरू केल्याची नोंद आहे, वहिनींनी सांगितलंय.' जिना चढायची त्यांना बंदी, गच्चीवर गेलेच नव्हते. त्यांच्या दुपारच्या थेंबांची वेळ टळून गेली होती, डोळ्यातून पाणी येत होतं. चिंगी भुंकत होती. चौघांपैकी एक जण दाराला टेकून उभा होता, नुसताच. कुणी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पण दार मोकळं नव्हतं, एवढं मला कळलं.

मी घासाघीस केली, म्हणजे मला वाटलं मी केली. तो हळूहळू उतरला. "तुम्ही घरच्यासारख्या. ३०च द्या. ३ आलेत, २७ करा." अशा वेळी चार हजार वाचल्याचा आनंदसुद्धा होतो माणसाला! त्यानं मोबाइलवर क्यूआर कोड दाखवला. नाव भलतंच आलं. "भाच्याचं आहे." मी पिन टाकला. ते दोन मिनिटांत गेले, वही घेऊन. तिचा फोटो काढायचं मला सुचलं नाही.

चोरी पकडली ती चिंगीनं. संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता, तिला जरा मोकळं सोडावं म्हणून गच्चीवर नेलं. वर सगळीकडे पांढरट निळा लेप, दिसायला झकास. खाली आलो तर जिन्यात, पॅसेजमध्ये, हॉलच्या फरशीवर पांढरी पावलं. मी एक पुसलं. बोटाला दुधासारखं पाणी आलं. वास ओळखीचा होता, पांढऱ्या सिमेंटचा. निळसर छटा बहुतेक धुण्याच्या निळीची. ज्यानं पाणी अडणार होतं ते कुत्रीच्या ओल्या पायांना धरून खाली येत होतं.

सकाळी खडू घेऊन वर गेले आणि प्रत्येक ठिपक्याभोवती गोल काढत मोजले. १३७. मग विणकामाची सुई घेऊन खुपसत गेले. भोक म्हणावं असं फक्त २३ ठिकाणी. बाकीच्या ठिकाणी वरून नुसता बोटानं लावलेला माल, नाण्यानं खरवडला की निघत होता. आणि ती २३ भोकं तरी कशाला पाडली, म्हणजे गळक्या गच्चीला पाणी जायला आणखी २३ वाटा.

त्याचा फोन बंद. ज्या खात्यात पैसे गेले ते एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं निघालं. दुकानदार म्हणाला, 'गिऱ्हाइकानं पैसे मागवले, मी कमिशन कापून रोख दिले, मला काय माहीत?' १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. मी स्वतः पिन टाकून, समोरच्या माणसाला, कामाचे म्हणून पैसे दिले होते. त्यांनी नोंद घेतली आणि ठाण्यात जायला सांगितलं. ठाण्यातल्या हवालदारसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चारसोवीस." १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ झालंय, पण तोंडातून चारसोवीसच येतं. तक्रार अर्ज घेतला, पोच दिली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला विचारलं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. सगळं सोयीचं. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे त्याचं खरं नावही नव्हतं.

खरा चटका पुढेच बसला. सेक्रेटरी काकांकडे गेले तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, पण हे तुमचं कामच नव्हतं!" गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्वच्छ लिहिलंय: पावसाच्या पाण्यानं होणारी गळती, छताची दुरुस्ती, इतकंच काय, गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या सिलिंगचं प्लास्टर खराब झालं तर तेसुद्धा सोसायटीनं आपल्या खर्चानं करायचं. आपल्या बाथरूममधून, सिंकमधून गळत असेल तर ते आपलं. अठरा वर्षं मी या इमारतीत राहतेय, दरमहा मेंटेनन्स भरतेय आणि हे मला माहीत नव्हतं. एक लेखी अर्ज देऊन बादली ठेवून बसले असते तरी चाललं असतं. आणि आता न विचारता केलेल्या कामाचे पैसे समिती देणार नाही, हेही त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. मला राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं.

सोसायटीनं मग त्यांचा नेहमीचा गवंडी पाठवला. साठीचा माणूस. गच्चीवर आला, ठिपके बघून हसला नाही, हे मी त्याचे उपकार मानते. सरळ कोपऱ्यात गेला, पावसाळी पाइपाच्या तोंडात हात घातला आणि कुजलेल्या पाल्याचा, आंब्याच्या कोयींचा, एका चेंडूचा गोळा बाहेर काढला. गच्चीवर साचलेलं पाणी गडगड करत खाली गेलं. मग त्यानं कठड्याच्या कडेचा वाटा दाखवला, म्हणजे भिंत आणि जमीन मिळते तिथला सिमेंटचा गोलवा. तो वीतभर उखडला होता. "पाणी तुंबतं आणि इथनं शिरतं. स्लॅबला काही झालं नाही ताई." त्यानं तात्पुरता वाटा बुजवला आणि बजावलं की खरं वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यात, गच्ची खडखडीत वाळल्यावर. झालं की पाइपाचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं, खाली ओल नाही आली तरच शेवटचे पैसे द्यायचे. "आणि दर चौरस फुटाचा घ्या. गच्ची काय रात्रीत वाढत नाही."

हे वाक्य मी दारामागे चिकटवलंय. चौरस फूट आपण मोजू शकतो, काम सुरू व्हायच्या आधी मोजू शकतो. पॉइंट, थेंब, ग्रॅम, लिटर हे काम झाल्यावर तो मोजतो. माझ्या मावशीच्या सोसायटीत सोफा साफ करणाऱ्यानं 'डागाला २० रुपये' लावले होते, एका बाईंच्या ओट्याच्या फटी 'ग्रॅमवर' भरल्या होत्या. सांगितल्यावर किती जणींकडून अशा गोष्टी बाहेर आल्या! प्रत्येकीनं त्या आतापर्यंत लाजेनं पोटात ठेवल्या होत्या.

पैसे आले नाहीत. येतील असं वाटतही नाही. मला जास्त लागलं ते अण्णांचं. पोस्टात आयुष्य काढलेला माणूस, मनीऑर्डरच्या फॉर्मवरची प्रत्येक सही दोनदा बघणारा. त्यानंतर महिनाभर त्यांनी बेल वाजली तरी दार उघडलं नाही. कुरिअरवाल्यानं सही मागितली तर हात मागे घेतला. मी त्यांना शंभरदा सांगितलं की चूक माझी, दर मी मान्य केला होता. ते म्हणायचे, "सही माझी आहे."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून प्लंबरला बोलावलं. मी चिंगीला आवरत होते, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. बेल वाजली. मी हात पुसून येईपर्यंत अण्णांनी दार उघडलं होतं. चष्म्यावरून त्या पोराकडे वर-खाली बघत विचारत होते, "ठोक घेणार की पॉइंटनं?"

पोरगा गोंधळला. म्हणाला, "काका, एकच नळ आहे ना?"

"मग एकाचेच सांग. आणि थांब, मी खडू आणतो."