कोरं पान निघालं म्हणून भांडायला गेलो आणि तोंडावर आपटलो

अप्पा बळवंत चौकात भाचीसाठी सातवीचं गाईड घ्यायला गेलो होतो, तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगात लुईस कॅरलचं ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ दिसलं, पातळसं, म्हटलं घेऊन टाकू. घरी येऊन चाळतो तर नकाशाचं पान कोरं! कडेला उत्तर ध्रुव, विषुववृत्त असली नावं छापलेली आणि मध्ये ठणठणाट. दुसऱ्या दिवशी तडक दुकानात. काकांनी पुस्तक हातातसुद्धा घेतलं नाही, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे नुसतं बोट केलं. चडफडत शेजारी चहा घेताना नीट वाचलं तेव्हा कळलं, नकाशा कोराच आहे! जहाजाच्या कप्तानाने मुद्दाम तसा आणलाय आणि सगळे खलाशी खूश, कारण हा नकाशा सगळ्यांना समजतो.

तर ही १८७६ सालची कविता, आठ भागांची, एकूण धिंगाणा. दहा जण स्नार्क नावाचा प्राणी पकडायला निघतात, बेलमन, बेकर, बुचर, बँकर, बॅरिस्टर, बीव्हर, सगळे ‘ब’चेच. बेकर अंगावर सात कोट चढवून आलाय पण नाव घातलेल्या ४२ पेट्या किनाऱ्यावर विसरलाय आणि वर स्वतःचं नावही विसरलाय. स्नार्क ओळखायचा कसा, तर तो उशिरा उठतो, आणि विनोद पटकन कळत नाही त्याला (आमच्या सोसायटीत आहेत असे दोघं-तिघं). पकडायचा कशाने, तर काटे-चमचे, आशा, रेल्वेचा शेअर आणि साबण.

भाचीला सगळ्यात आवडलं ते बुचरचं गणित. तीन घ्या, त्यात सात आणि दहा मिळवा, हजार वजा आठने गुणा, ९९२ ने भागा, सतरा वजा करा. पोरीने मोबाईलवर केलं, उत्तर तीन. ‘मामा, हा येडा आहे का, तीनच तर घेतले होते!’ मग पुढचा अर्धा तास पाच घेऊन, नऊ घेऊन तेच, गाईड तसंच पिशवीत.

शेवट मात्र हसता हसता अंगावर येतो. स्नार्क जर ‘बुजम’ जातीचा निघाला तर बघणारा गायब होतो, आणि बेकर ओरडतो ‘बू…’ की संपलं, मागे बटणसुद्धा सापडत नाही. पुस्तकातली चित्रं काढणाऱ्या हेन्री हॉलिडेने बुजमचं चित्र काढून दिलं होतं म्हणे, पण कॅरलने ते घेतलं नाही, कारण बुजम कल्पनेतही येता कामा नये. बरोबरच केलं.

इंग्रजी जुनं आहे, मोठ्याने वाचलं तर चाल आपोआप लागते, मनातल्या मनात वाचाल तर कंटाळाल. माझ्या प्रतीची छपाई भिकार, चित्रं काळी ढुस्स, बेकर कुठला आणि बँकर कुठला पत्ता लागत नाही, त्याचा एक स्टार कापला. घेणार असाल तर चित्रं स्वच्छ आहेत का ते आधी उघडून बघा, आणि नकाशा कोरा निघाला तर गप घरी या.